संशयाचा फायदा कोणाला?

न्यायालयात आरोपीविरुद्धचा पुरावा अपुरा पडला, की न्यायमूर्ती त्याला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडतात. या प्रथेमागे मोठा नैतिक विचार आहे. समोर एक माणूस उभा आहे. तो कदाचित निरपराध असेल. आणि एकदा भोगायला लावलेली शिक्षा परत घेता येत नाही. म्हणून संशय असेल तेथे माणसाच्या बाजूने निर्णय द्यावा, असे सुसंस्कृत समाजांनी ठरविले. या प्रथेबद्दल आमची काहीच तक्रार नाही. परंतु हीच प्रथा उचलून भलत्या ठिकाणी लावली तर काय होते, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

पृथ्वीच्या तापमानवाढीविषयी बोलणे निघाले, की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही. कोणी दोन अंश म्हणतो, कोणी चार. आधी त्यांनी नक्की आकडा सांगावा, मग काय करायचे ते पाहू.’ असे म्हणणारे सगळेच लबाड असतात, असे नव्हे. अनेक सज्जन, देवभीरू माणसेही प्रामाणिकपणे असेच मानतात. पण या युक्तिवादात संशयाचा फायदा धुराड्याला दिला जातो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही. धुराडे म्हणजे पिंजऱ्यात उभा असलेला आरोपी माणूस आहे काय? आणि नसेल, तर या खटल्यात ज्याचे जीवन पणाला लागले आहे तो माणूस नेमका कोठे उभा आहे?

प्रथम संशय कशाविषयी आहे, ते नीट समजून घेऊ. कार्बन डायऑक्साइड वायूमुळे उष्णता अडून राहते, याविषयी संशय नाही. पृथ्वीभोवतालचे वातावरण पांघरुणासारखे काम करते, हा विचार फ्रेंच गणिती फूरिए यांनी १८२४ साली मांडला. अमेरिकेतील युनिस फूट या महिलेने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापते, असे १८५६ साली दाखवून दिले. १८५९ साली जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत त्याचे अधिक काटेकोर मापन केले. संशय आहे तो ‘किती?’ या एका शब्दाविषयी. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. ते दुप्पट, म्हणजे ५६० झाले आणि महासागरही त्या नव्या स्थितीला येऊन स्थिरावले, तर पृथ्वीचे सरासरी तापमान किती अंशांनी वाढेल? या प्रश्नाचे उत्तर असलेल्या आकड्याला शास्त्रज्ञ ‘हवामानाची संवेदनशीलता’ म्हणतात.

हा आकडा काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली केला. हाताने केलेल्या प्रदीर्घ आकडेमोडीनंतर त्यांचे उत्तर आले ५ ते ६ अंश सेल्सिअस. १९३८ साली गाय कॅलेंडर या ब्रिटिश वाफयंत्र अभियंत्याने जगभरच्या तापमानाच्या नोंदी एकत्र करून २ अंशांचा अंदाज दिला. १९६७ साली स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी संगणकाच्या साह्याने सव्वादोन अंशांच्या आसपासचे उत्तर काढले. या स्वरूपाच्या कार्यासाठी मानाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७९ साली ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन शास्त्रज्ञांच्या समितीने सर्व पुरावा तपासून दीड ते साडेचार अंश अशी मर्यादा सांगितली आणि ३ अंश हा मधला आकडा दिला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाने १९९० साली तीच मर्यादा दिली, आणि २०१३ सालच्या अहवालातही ती जवळपास तशीच होती. २०२१ साली ती आवळली गेली: अडीच ते चार अंश, आणि सर्वांत विश्वसनीय अंदाज पुन्हा ३ अंशच.

मनात येईल, की एक आकडा नक्की करायला शंभराहून अधिक वर्षे का लागावीत? याचे कारण निष्काळजीपणा नव्हे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि दुसरे काहीच बदलले नाही, तर तापमान सुमारे १.२ अंश वाढेल. हा हिशेब सरळ आहे. पण दुसरे काहीच बदलत नाही, असे सृष्टीत होत नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. बाष्पही उष्णता अडवते, म्हणून हवा आणखी तापते. बर्फ वितळला की खालची काळी जमीन आणि समुद्र उघडे पडतात, ते अधिक ऊन शोषतात, आणि पुन्हा तापमान वाढते. सर्वांत अवघड कोडे ढगांचे. काही ढग ऊन परतवून पृथ्वीला गारवा देतात, तर काही पांघरुणाचे काम करतात. तापत्या जगात कोणते ढग वाढतील आणि कोणते विरतील, यावर उत्तर बरेचसे अवलंबून आहे.

मूळ वाढीने नवी वाढ जन्माला घालावी, या प्रकाराला एक विलक्षण गणित आहे. ते रुपया-पैशांत सांगतो. समजा, खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे साठ पैसे परत हाती येतात, त्या साठ पैशांमागे छत्तीस, छत्तिसांमागे साडेएकवीस, असे चालू राहते. सर्व बेरीज केली तर एका रुपयाचे अडीच रुपये होतात. याच हिशेबाने १.२ अंशांचे ३ अंश होतात. आता परत येणारी रक्कम साठऐवजी पन्नास पैसे धरली, तर बेरीज दोन रुपये येते, म्हणजे ५० पैशांनी कमी. पण ती सत्तर पैसे धरली, तर बेरीज सुमारे तीन रुपये तेहतीस पैसे, म्हणजे ८३ पैशांनी अधिक. चूक दोन्हीकडे दहाच पैशांची. परंतु खालच्या बाजूची उडी लहान, वरच्या बाजूची मोठी. म्हणूनच संवेदनशीलतेच्या अंदाजातील अनिश्चितता तराजूच्या दोन समान पारड्यांसारखी नसते. आकडा अपेक्षेहून फारच कमी निघण्यापेक्षा फारच जास्त निघण्याला अधिक वाव राहतो. ‘नक्की माहीत नाही’ या वाक्यातून दिलासा घेणाऱ्यांनी हे गणित अवश्य करून पाहावे.

तरीही शास्त्रज्ञ केवळ गणितावर विसंबून राहिले नाहीत. त्यांनी तीन प्रकारचे साक्षीदार बोलाविले. पहिला साक्षीदार म्हणजे बाष्प, बर्फ, ढग यांचे प्रत्यक्ष निरीक्षण. १९९१ साली फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या धुरकटाने पृथ्वी वर्षभरात सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली आणि हवेतील बाष्पही अपेक्षेप्रमाणे घटले. बाष्पाविषयीचा सिद्धान्त असा कसाला लागला. दुसरा साक्षीदार म्हणजे गेल्या दीडशे वर्षांच्या तापमानाच्या नोंदी. पण हा साक्षीदार थोडा अडखळत बोलतो. अतिरिक्त उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्र पोटात घेतो आणि सावकाश परत देतो. शिवाय कारखान्यांतील व चुलींतील धुराचे कण ऊन परतवून काही तापमानवाढ झाकून ठेवतात. १९९९ साली हिंदी महासागरावर झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संशोधन मोहिमेत असा तपकिरी धुराचा विस्तीर्ण थर आढळला. त्या मोहिमेचे एक प्रमुख भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली त्यांना परमपीठाच्या विज्ञान अकादमीचे सदस्य नेमले. तिसरा साक्षीदार फार जुना आहे: अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले प्राचीन हवेचे बुडबुडे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत १९० च्या आसपास होता आणि पृथ्वी आजच्या युगापेक्षा ५ ते ७ अंशांनी थंड होती. तिघांच्या साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्यावर मर्यादा आवळता आली.

येथे एक गोष्ट नोंदविणे आम्हांला अगत्याचे वाटते. ‘अडीच ते चार’ असे सांगणारा शास्त्रज्ञ आपले अज्ञान उघड करीत नाही. तो आठवी आज्ञा पाळतो. जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगणे, कमीही नाही आणि अधिकही नाही, हीच खरी साक्ष होय. अलीकडच्या काही संगणकीय प्रतिमानांनी ५ अंशांहून अधिक उत्तर दिले, तेव्हा ते इतर पुराव्यांशी जुळत नाही, असे याच मंडळाने २०२१ साली स्पष्ट केले. भय वाढवून सांगणे सोयीचे असूनही त्यांनी ते केले नाही. म्हणून उद्याच जगबुडी होणार असे छातीठोक सांगणारा आणि काहीच होणार नाही असे सांगणारा, हे दोघेही एकाच आज्ञेचा भंग करतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्ञान अपुरे असताना कृती करावी काय, हा प्रश्न ख्रिस्तसभेला नवा नाही. सोळाव्या शतकापासून कॅथलिक नीतिशास्त्रात यावर मोठे वाद झाले. एखादी कृती पाप आहे की नाही, याविषयी जाणकारांत मतभेद असतील, तर विश्वासणाऱ्याने काय करावे? १५७७ साली बार्तोलोमे दे मेदिना या डोमिनिकन धर्मपंडिताने असे मत मांडले, की कृती निर्दोष असल्याचे एखादे सबळ मत असेल, तर विरुद्ध मत अधिक सबळ असले तरी ती करण्यास हरकत नाही. या संभाव्यतावादाने भाबड्या मनांवरील ओझे हलके केले. पण पळवाटा शोधणाऱ्यांना रानही मोकळे मिळाले. पास्कल यांनी १६५६-५७ मध्ये लिहिलेल्या पत्रांतून या पळवाटांची निर्दय खिल्ली उडविली. १६७९ साली पोप इनोसंट अकरावे यांनी शिथिलतेकडे झुकणारी पासष्ट विधाने त्याज्य ठरविली. उलट १६९० साली पोप अलेक्झांडर आठवे यांनी दुसऱ्या टोकाचा कडक विचारही नाकारला. त्या विचारानुसार अत्यंत संभाव्य मतावर विसंबूनही मोकळेपणाने वागता येत नव्हते. पुढे अठराव्या शतकात संत आल्फोन्सस लिग्वोरी यांनी या दोन टोकांमधून वाट काढली.

या साऱ्या वादात एका मुद्द्यावर मात्र व्यापक सहमती होती. संभाव्यतेची सवलत सर्वत्र लागू होत नाही. संस्काराची वैधता पणाला लागली असेल, वैद्य रोग्याला औषध देत असेल, किंवा दुसऱ्या माणसाची गंभीर हानी होण्याचा धोका असेल, तर तेथे सुरक्षित मार्गच धरला पाहिजे. यासाठी नीतिशास्त्राच्या पुस्तकांत शिकाऱ्याचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. रानात झुडूप हलते. बहुधा हरिण असावे. पण सरपण गोळा करणारे कोणी माणूसही असू शकेल. शिकाऱ्याला गोळी झाडता येईल काय? मुळीच नाही. हरणाची शक्यता दहांत नऊ असली तरी नाही. आणि त्याने झाडलेली गोळी सुदैवाने हरणालाच लागली, तरी तो दोषमुक्त होत नाही. कारण माणूस मारला गेला तरी चालेल, असे त्याच्या मनाने त्या क्षणी स्वीकारलेलेच असते. हा पाचव्या आज्ञेचा प्रांत आहे.

न्यायाधीश आणि शिकारी या दोघांपुढेही संशय आहे. तरी एकाने सोडावे आणि दुसऱ्याने थांबावे, असे आपण म्हणतो. यात विसंगती नाही. दोन्हीकडे संशयाचा फायदा माणसालाच मिळतो: एकदा पिंजऱ्यातल्या माणसाला, एकदा झुडपामागच्या माणसाला. बंदुकीला तो कधीच मिळत नाही. तापमानवाढीच्या प्रश्नात झुडपामागे कोण आहे, ते शोधणे कठीण नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. वसईपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावरचा मच्छीमार झुडपामागे आहे. पावसावर पेरणी करणारा कोरडवाहू शेतकरी आहे. आणि ज्यांचा अद्याप बाप्तिस्मा व्हायचा आहे, किंबहुना ज्यांचा जन्मही व्हायचा आहे, ती आपलीच नातवंडे-पतवंडे आहेत. शिवाय येथील संशय शिकाऱ्याच्या संशयाहून पुष्कळच कमी आहे. गोळी माणसाच्या दिशेनेच चालली आहे, हे ठाऊक आहे. जखम गंभीर होईल की अतिगंभीर, एवढेच ठरायचे आहे. अडीच अंश ही मर्यादेची खालची कडदेखील निर्दोष नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. शिकाऱ्याच्या घरी मुले उपाशी असतील तर? भारतात विजेचा मोठा वाटा आजही कोळशातून येतो. त्या विजेवर रुग्णालये चालतात, शेतांत पाणी खेळते, मुले रात्री अभ्यास करतात. सारे एकदम बंद करा म्हणणाऱ्याला गरिबांचे जगणेच धोक्यात घालावे लागेल. सुरक्षित वाटणारा मार्ग कोणासाठी सुरक्षित, हा प्रश्न न विचारता धरला, तर १६९० साली नाकारलेल्या त्याच टोकाला आपण पोहोचू. हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच भुकेसाठी शिकार करणारा आणि करमणुकीसाठी शिकार करणारा यांत भेद केला पाहिजे. भारतातील माणसामागे दरवर्षी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी साडेचार टनांहून अधिक आहे आणि अमेरिकेतील माणसामागे तो सुमारे १४ टन आहे. जबाबदारी सर्वांची असली तरी तिचा भार सारखा नाही, हे तत्त्व १९९२ साली रिओ येथे मान्य झालेल्या हवामानविषयक करारात आले, ते योग्यच आहे.

पण या सरासरीच्या आड आपण लपू नये. जव्हारच्या पाड्यावर एका दिव्यात रात्र काढणारे कुटुंब आणि उपनगरातील सदनिकेत तीन वातानुकूलन यंत्रे लावणारे कुटुंब, दोघांचाही हिशेब त्या दोन टनांत एकत्र मोडतो. श्रीमंत देशांनी आपल्यामागे दडू नये, असे आपण म्हणतो; तर मग आपणही पाड्यावरच्या गरिबामागे दडणे न्यायाचे ठरणार नाही.

दुसरा विचार परतफेडीचा. चोरी केलेल्या माणसाला पापनिवेदनाने क्षमा मिळते. परंतु चोरलेली वस्तू परत करण्याचे कर्तव्य सुटत नाही. ज्याची परतफेड अशक्य आहे, तेथे म्हणूनच आधी शंभरदा विचार करावयाचा असतो. आज हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षे, आणि काही भाग हजारो वर्षे तेथेच राहतो. उद्या संवेदनशीलतेचा आकडा वरच्या कडेचा ठरला, तर ‘आमची चूक झाली’ म्हणून तो वायू परत घेण्याचे पुरेसे साधन मानवजातीच्या हाती नाही.

हा आकडा कमी निघाला तर कर्तव्यच उरणार नाही, असे काहींना वाटते. तेही खरे नाही. हा वायू साठत जाणारा आहे. त्यामुळे आकडा लहान असो वा मोठा, भर घालणे कधी ना कधी थांबवावेच लागेल. आकडा अडीच निघाला तर मुदत थोडी लांबते, चार निघाला तर ती आखूड होते. म्हणजे शास्त्रज्ञांच्या संशयाचा संबंध मुदतीशी आहे. कर्तव्य आहे की नाही, हा प्रश्न त्या संशयावर टांगलेला नाही. आणि वाट पाहण्याचीही किंमत पडतेच. चार्नी समितीच्या अहवालापासून २०२१ च्या अहवालापर्यंत ४२ वर्षे गेली. मधला आकडा ३ होता, तो ३ च राहिला. त्या अवधीत हवेतील कार्बन डायऑक्साइड मात्र दशलक्ष भागांत सुमारे ३३७ वरून ४१६ वर गेला, आणि २०२४ साली ४२४ ओलांडून पुढे सरकला. खनिज इंधनांतून आजवर बाहेर पडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून अधिक १९९० नंतर बाहेर पडला आहे.

ख्रिस्तसभेने या प्रश्नावर मौन पाळलेले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी १९९० च्या विश्वशांतिदिनाचा संदेश सृष्टीशी समेट करण्याच्या विषयालाच वाहिला होता. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: गंभीर व कधीही भरून न येणारी हानी संभवत असेल, तर पुराव्याची जबाबदारी उलटी होते. हानी होईल, हे पीडिताने सिद्ध करायचे नसते. हानी होणार नाही, हे कृती करणाऱ्याने दाखवून द्यायचे असते. शिकाऱ्याच्या उदाहरणातील जुनाच न्याय येथे नव्या प्रश्नाला लावला आहे.

मग आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांनी काय करावे? संवेदनशीलतेचा दशांश काढणे आपले काम नाही. परंतु पापनिवेदनापूर्वी आपण सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करतो, तेव्हा एक प्रश्न जरूर विचारता येईल. धोका दुसऱ्याचा आणि सोय माझी, अशा कोणत्या गोष्टीत मी संशयाचा फायदा स्वतःकडे घेतला? उत्तर प्रत्येक घरी निराळे येईल. कोठे ते विजेच्या बिलात सापडेल, कोठे लग्नसमारंभातील उधळपट्टीत, कोठे धर्मग्रामाच्या नव्या इमारतीच्या आराखड्यात, तर कोठे मतदान करताना उमेदवाराला न विचारलेल्या प्रश्नात. ते सापडले, की शास्त्रज्ञांच्या पुढील अहवालाची वाट न पाहता त्यावर लागलीच काम सुरू करावे, एवढेच आमचे सांगणे आहे.